नऊशे चव्वेचाळीस, अधिक-वजा सहा

१९८६ सालच्या फेब्रुवारीत, बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलच्या दिवशी, दुपारच्या बॅचला माझ्या मामेबहिणीवर अन्याय झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकाने तो लाल पेनाने केला आणि आतल्यांनी तो होऊ दिला. आमच्या संघटनेच्या पत्रकाचं पहिलं वाक्य हेच होतं. तेव्हा ते एका दमात लिहिलं होतं. आज तेच लिहायला घेतलं तर दोनदा पेन खाली ठेवला. राग गेलेला नाही, पण सारखं तेच ते सांगून माणूस थकतो. पत्रक एका पानात बसवावं लागतं, म्हणून त्यात जे मावलं नाही ते इथे लिहितो.

कॉलेज नागभीडच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात आहे. नाव देत नाही. नाव दिलं की चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंतची बाकीची सगळी कॉलेजं हात झटकून मोकळी होतात, की ते तिकडचं आहे बुवा, आमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडेही तसंच आहे.

मामा ढोरांच्या दवाखान्यात शिपाई. दवाखान्यात डॉक्टरची जागा होती, खुर्ची होती, खुर्चीवर धूळ होती. डॉक्टर नव्हता. लोक बैल घेऊन दहा कोसांवरून यायचे आणि मामा त्यांना सांगायचा की साहेब आले नाहीत. हे सांगण्यातच त्याची निम्मी नोकरी गेली. बहीण त्याच अंगणात वाढली. ढोर बांधायच्या लाकडी चौकटीवर बसून तिने पाढे पाठ केले. तिला नागपूरला पशुवैद्यकीला जायचं होतं आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसायचं होतं. वर्गातल्या पोट्ट्या तिला 'ढोरडॉक्टर' म्हणायच्या. मामा म्हणायचा, "होऊ दे बाई डॉक्टर. मी तिचा शिपाई होतो. घरी तर आतापासूनच आहो."

त्या प्रवेशाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीची बेरीज लागते. थोडी इकडे-तिकडे झाली की जागा जाते. लेखी पेपरात आमच्याकडच्या पोरांना शहरातल्या पोरांइतके मार्क पडत नाहीत, ते का पडत नाहीत त्याचं पत्रक वेगळं निघेल. राहतं प्रॅक्टिकल. तिथले मार्क सगळ्यांनाच मिळतात, भरभरून मिळतात. म्हणून तिथे एखाद्याचे कापले की तो एकटाच खाली जातो.

ते भरभरून कसे मिळतात, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे, तिला 'रिडिंग बसवणे' म्हणतात. प्रयोगाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. ते आधी लिहायचं. मग उलटं गणित करत वर जायचं आणि त्या उत्तराला शोभतील अशी मापं तक्त्यात भरायची. अगदी एकसारखी भरायची नाहीत, थोडी मागे-पुढे ठेवायची म्हणजे खरी वाटतात. मोठ्या वर्गातली पोरं धाकट्यांना हे शिकवतात, धाकटे मोठे झाले की पुढच्यांना शिकवतात. लंबकाच्या प्रयोगाची मापं तर पोरांना तोंडपाठ असतात. कोणी याला चोरी म्हणत नाही. मास्तर लोकही म्हणत नाहीत, कारण त्यांनीही ती तशीच बसवली होती.

लंबकाचा प्रयोग सोपा आहे. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं. दोऱ्याची लांबी आणि एका झोक्याचा वेळ यांवरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ते निघतं. पुस्तकातलं उत्तर, सेंटिमीटरमध्ये, नऊशे ऐंशी. आमच्याकडे पृथ्वी दर वर्षी, दर बॅचला, बरोबर नऊशे ऐंशीच ओढायची.

त्या वर्षी कॉलेजात फिजिक्सला एक तरुण सर आले होते, वरोऱ्याकडचे, तात्पुरत्या ऑर्डरवर. त्यांनी पहिला धडा शिकवला. म्हणजे मापनातल्या त्रुटींचा. तो धडा परीक्षेत येत नाही म्हणून सोडून द्यायची पद्धत होती. त्यांनी त्यावर दोन आठवडे घालवले आणि पोरं कंटाळली. बहीण कंटाळली नाही. सुट्टीत मी गेलो तेव्हा तिने मला शिंप्याची टेप आणायला लावली आणि आम्ही दोघांनी मामाचं अंगण मोजलं. मी तेव्हा चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मोर्चाला जास्त, वर्गाला कमी जात होतो.

अंगण पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा बोटभर फरक आला. तिने सांगितलं, ही एक त्रुटी. हात हलतो, टेप ढिली पडते, डोळा तिरपा जातो. ती कधी जास्तीकडे, कधी कमीकडे जाते, म्हणून पुष्कळदा मोजून सरासरी घ्यायची. सरासरीपासून प्रत्येक माप किती लांब आहे ते काढायचं आणि त्यांचीही सरासरी घ्यायची. तेवढं अधिक-वजा उत्तरापुढे लिहायचं. मग तिने टेपचं सुरुवातीचं टोक दाखवलं. ते फाटून गेलेलं होतं, पहिली दोन बोटं नव्हतीच. म्हणजे पाचही मापं दोन बोटं जास्त आली होती. ही दुसरी त्रुटी. इथे शंभरदा मोजा आणि सरासरी घ्या, काही होत नाही, सगळी मापं एकाच बाजूला चुकतात. हिच्यावर एकच इलाज, टेप कशी आहे ते आधी बघायचं.

"आणि वर्ग असला तं दुप्पट धरायची," ती म्हणाली. लंबकाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असतो. वेळ मोजण्यात शंभरात एक चूक झाली की उत्तरात शंभरात दोन होते. हे मी कॉलेजात ऐकलं असेलच. पण कळलं ते त्या अंगणात, शेणाच्या वासात.

तात्पुरत्या सरांची ऑर्डर दिवाळीनंतर संपली. ते गेले. जागा परत रिकामी झाली, दवाखान्यासारखीच. केमिस्ट्रीचे सर फिजिक्सचं प्रॅक्टिकल बघू लागले.

परीक्षेत तिला लंबक आला. चिठ्ठी उघडल्यावर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली म्हणे, तुले तं लॉटरी लागली. लॅबमध्ये चालू असलेलं स्टॉपवॉच एकच होतं, तेच सगळ्यांमध्ये फिरायचं. बहिणीने वीस झोके पाच वेळा मोजले. दर वेळी एकेचाळीस सेकंदांच्या आसपास, एखादा दशांश इकडे, एखादा तिकडे. एक मीटर दोऱ्याला चाळीस सेकंदांच्या जरासे वर लागायला हवेत. तिचा हात हलत नव्हता, मापं एकमेकांना धरून होती. गणित केलं तर नऊशे चव्वेचाळीस आलं. मग तिने त्रुटी काढली. घड्याळ एक दशांश सेकंदापर्यंत दाखवतं, एकेचाळीस सेकंदांत एक दशांश म्हणजे शंभरात पाव, वर्गामुळे दुप्पट, म्हणजे अर्धा. पट्टीची चूक त्याहून लहान. सगळी मिळून उत्तरात सहाची.

तिने लिहिलं, नऊशे चव्वेचाळीस, अधिक-वजा सहा. आणि खाली लिहिलं की पुस्तकातली किंमत या मर्यादेत येत नाही, म्हणून चूक हाताची नसून बहुधा घड्याळाची आहे, घड्याळ पुढे पळत असावं.

बारावीच्या पोरीने यापेक्षा जास्त फिजिक्स काय करायचं असतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

परीक्षक नागपूरकडून आला होता आणि त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्याने तक्ता बघितला नाही, खालचं वाक्य वाचलं नाही, थेट उत्तरावर बोट ठेवलं. "पृथ्वी काय तुझ्यासाठी बदलली का?" त्याने विचारलं. बॅच हसली. बहीण म्हणाली, "नाई सर, घड्याळ बिघडलं असन." त्यावर जास्तच हसले. त्याने उत्तरावर लाल रेघ मारली आणि बाजूला दिले ते मार्क तिने उभ्या-उभ्या वाचले. पास होण्यापुरते होते. केमिस्ट्रीचे सर खिडकीतून बाहेर बघत होते.

मला निरोप मिळाला तेव्हा मी संघटनेच्या कामात होतो. एस.टी.ने गेलो. ती रडत वगैरे नव्हती, कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी चिडलो तर म्हणाली, "भाऊ, तू चिडून राह्यला, त्यानं का होते?" मी म्हटलं, चिडल्याशिवाय काहीच होत नाही. त्याच रात्री विहाराच्या ओट्यावर बसून पत्रक लिहिलं आणि चंद्रपूरला सायक्लोस्टाइल केलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही चारजण आणि बहीण प्रिन्सिपॉलसमोर. मागणी एकच ठेवली होती. घड्याळ तपासा, आमच्यासमोर.

प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हता, हे लिहायला हवं. दोन वर्षांनी निवृत्त होणार होता आणि तोवर काही घडू नये एवढीच त्याची इच्छा होती. तपासायचं कसं, म्हणाला. बहिणीने सांगितलं, रेडिओवर. बातम्यांआधी पीप वाजते, तिच्यावर घड्याळ चालू करायचं आणि पुढच्या बातम्यांच्या पीपवर बंद करायचं. मधला वेळ अर्धा तास. घड्याळाने अर्धा तासच दाखवला तर ती चुकली.

लॅब अटेंडंटने आपला ट्रान्झिस्टर आणला. हा गावातलाच माणूस, क्रिकेटसाठी तो रेडिओ जिवापाड जपायचा. पीप वाजली, बहिणीने कळ दाबली. आणि मग अर्धा तास आम्ही सगळे, प्रिन्सिपॉल, केमिस्ट्रीचे सर, अटेंडंट, मी, माझे तीन कार्यकर्ते आणि ती, एका टेबलाभोवती गप्प बसून बातम्या आणि नंतर धानावरच्या करप्याची माहिती ऐकत राहिलो. कार्यक्रमात फवारणी कशी करायची ते चाललं होतं. प्रिन्सिपॉलने मध्येच खरंच ते लिहून घेतलं. त्याची सहा एकर होती.

पुढची पीप वाजली. घड्याळ अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे होतं. बहिणीने कागदावर गणित मांडलं, शंभराला दोन. वर्ग, म्हणजे शंभराला चार. नऊशे ऐंशीतून शंभराला चार काढले की राहतात नऊशे चाळीसच्या वर थोडे. तिचं उत्तर.

तेव्हा अटेंडंट म्हणाला, असं कसं होईल, मीच तर ते दुरुस्त केलं. पावसाळ्यात ते गंजून बंद पडलं होतं. नवं मागवून मिळत नाही. मग त्याने मागचं झाकण उघडून आत टोरीचं तेल सोडलं होतं. टोरी म्हणजे मोहाची बी, आमच्याकडे तिचं तेल दिव्याला, अंगाला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला चालतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. घड्याळाच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेढे तेलाने एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पळत सुटतं. अटेंडंट बिचारा अभिमानाने सांगत होता. "बंद होतं, आता कसं सरसर चालून राह्यलं," तो म्हणाला. हसावं की काय करावं ते कळेना. त्याच्यावर माझा राग नाही. थंडीभर बाकी सगळ्या पोरांनी त्या घड्याळावर लंबक मोजला आणि सगळ्यांचं नऊशे ऐंशी आलं, माझा राग त्यावर आहे. त्यांतल्या एकानेही खरोखर मोजलं असतं तर डिसेंबरातच ते कळलं असतं.

मला वाटलं जिंकलो. मी प्रिन्सिपॉलला म्हटलं, आता बोर्डाला लिहा. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि बहिणीकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही.

"लिहितो. पण काय लिहू सांग. घड्याळ पुढे पळते, म्हणून हिचं नऊशे चव्वेचाळीस खरं. मग त्याच घड्याळावर बाकी सगळ्यांचं नऊशे ऐंशी कुठून आलं? हे बोर्ड विचारल. मग पुरी बॅच जाते."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पत्रकात अन्याय करणारा एक असतो आणि सोसणारा एक असतो. इथे तिला न्याय द्यायचा तर सगळ्या बॅचवर खोटेपणाचा शिक्का बसत होता. आणि तो खराही होता.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी मामाच्या अंगणात पोरं जमली. आईबाप घेऊन आली काही. कोणी शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लॉटरी लागली म्हणून हसलेली ती मैत्रीण पुढे आली. तिचं लग्न बारावी पास या अटीवर ठरत होतं. ती म्हणाली, "तू हुशार आहे बाई. तुले पुढच्या साली मार्क भेटन. आमाले नाई भेटत." कोणीतरी मागून म्हणालं, ढोरडॉक्टरला माणसांची काय पर्वा. मामा उठला. त्याने सगळ्यांना जयभीम घातला, पाणी विचारलं आणि परत बसला. तो एवढा म्हातारा मला त्याआधी कधी दिसला नव्हता.

मी तिला बाजूला घेऊन तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. तिने पूर्ण ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "भाऊ, घड्याळाचं लिहाले सांग. पोट्ट्यांचं नको." मी म्हटलं, ते एकच आहे. ती म्हणाली, "मले मालूम आहे."

प्रिन्सिपॉलने काहीच लिहिलं नाही. घड्याळ कपाटात गेलं. निकाल लागला, बॅच पास झाली, बहिणीच्या बेरजेला नागपूरची जागा थोडक्यात हुकली. प्रॅक्टिकलचे जेवढे मार्क इतरांना पडले तेवढे तिला पडले असते तर जागा मिळाली असती. हे गणित मामाने स्वतः बसून केलं, आणि दोनदा केलं, की कुठे चुकलो तर नाही.

ती पुन्हा बसली. एक पूर्ण वर्ष घरी राहून, धानाची रोवणी करून, रात्री अभ्यास करून. पुढच्या फेब्रुवारीत तीच लॅब, दुसरा परीक्षक, आणि कपाटातून बाहेर काढलेलं तेच घड्याळ. तेला-स्प्रिंगचं सगळं त्या टेबलाभोवती बोलून झालं होतं, तरी कोणी ते साफ केलं नव्हतं. लंबक पुन्हा तिलाच आला नाही, तिच्यासमोरच्या मुलाला आला. तिला आली घनता, धातूचा ठोकळा तोलायचा आणि मोजायचा. ती बाहेर आली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. तराजू कसा होता, मी विचारलं. एका बाजूला झुकलेला, ती म्हणाली. मग काय लिहिलंस?

"पुस्तकातलं."

एवढंच बोलली आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागली. मी मागून गेलो.

या वेळी तिला पूर्ण मार्क होते. ती आता नागपूरला शिकते. मामा सगळ्यांना सांगतो, माझी साहेबीण येऊन राह्यली. परवा दिवाळीत ती आली होती. शेजारच्यांची गाय आजारी होती, मामा तिला घेऊन गेला. तिने गाईचा ताप घेतला, थर्मामीटर उजेडात धरला, वाचला, आणि पुसून परत लावला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही. शेजारीण म्हणाली, बाई, एकदा घेतला नं, झालं नाही का? परत येताना तिने मला कारण सांगितलं. म्हणाली, "ढोराच्या तापाचं उत्तर पुस्तकात मागं नसते भाऊ. आकडा दिसला का पयले मनात येते, किती असाले पायजे. मंग मले माह्यावर भरोसा राहत नाई."

एका लाल रेघेने हे केलं. तिला मार्क परत मिळाले, जागा मिळाली, तुम्ही म्हणाल गोष्ट संपली. ज्या पोरीने सतराव्या वर्षी उत्तरापुढे अधिक-वजा सहा लिहिलं, तिला आता एक थर्मामीटर तीनदा वाचावा लागतो. मामाच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीवर बसून पुढची तीस वर्षं ती हेच करत राहील की नाही, मला माहीत नाही. तिलाही नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मास्तर असाल, परीक्षक असाल, बारावीचं पोरगं असाल, नाहीतर पोराचा बाप असाल. उद्या आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये जा. कपाटातलं स्टॉपवॉच काढायला लावा. रेडिओ लावा, पीपवर कळ दाबा, अर्धा तास तिथेच बसून राहा. घड्याळ किती पुढे आहे, किती मागे आहे, ते खडूने लॅबच्या भिंतीवर लिहा, जिथे परीक्षकाला दिसेल तिथे. आणि त्यानंतर एखाद्या पोरीचं उत्तर नऊशे ऐंशी आलं नाही तर पेन खिशात ठेवा आणि आधी तिला विचारा, अधिक-वजा किती.